मीटर बदलण्याआधी अर्थ तपासा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचे पाणी ३५ फुटांच्या वर चढले, तेव्हा अकोटा, समा, फतेगंज आणि सयाजीगंज या भागांत सोसायट्यांच्या तळमजल्यावर उभ्या असलेल्या असंख्य दुचाकी पाण्यात राहिल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी इंजिन ऑइल बदलले, एअर फिल्टर बदलले, गाड्या धुऊन-पुसून चालू केल्या आणि पुराचा विषय संपला असे मानले. पण वायरिंगमध्ये शिरलेला पूर इतक्या लवकर ओसरत नाही. तो काही महिन्यांनी मीटरवर दिसू लागतो. पेट्रोलचा काटा नाचतो, वेगाचा आकडा शून्यावर अडकून राहतो, घड्याळ रोज सकाळी नव्याने सुरू होते, न्यूट्रलचा हिरवा दिवा लागत नाही. अशी गाडी सर्व्हिसला नेली की पुष्कळ ठिकाणी एकच निदान ऐकायला मिळते: मीटर गेला, नवा टाकावा लागेल.

या निदानामागे बहुतेक वेळा कसलेही मोजमाप झालेले नसते, अशी माझी तक्रार आहे. बडोद्याजवळच्या एका रासायनिक कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात मी ३३ वर्षे काम केले. तिथे दाबाचा किंवा तापमानाचा एखादा दर्शक चुकीचा आकडा दाखवू लागला, तर तो दर्शक काढून फेकण्याची परवानगी कोणालाही नव्हती. आधी त्याला मिळणारा पुरवठा मोजायचा, मग अर्थ (म्हणजे विजेच्या परतीची जोडणी), मग त्याच्याकडे येणारा सिग्नल, आणि हे तिन्ही बरोबर असूनही तो चुकत असेल तरच त्याच्यावर ठपका ठेवायचा, असा शिरस्ता होता. मोटारसायकलचा मीटर हाही एक दर्शकच आहे. जे त्याला कळवले जाते तेच तो दाखवतो. त्याला चुकीचे कळवणारा दोष सोडून त्यालाच बदलणे म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालवणे आणि दोष गाडीतच ठेवून देणे.

माझ्या भाच्याच्या बाबतीत नेमके हेच झाले. अकोट्याला राहणाऱ्या या भाच्याची मोटारसायकल पुरात हँडलपर्यंत बुडाली होती. दुरुस्तीनंतर ती महिनाभर नीट चालली. नवरात्रात एका रात्री गरब्याहून परत येताना त्याच्या लक्षात आले की इंडिकेटर लावला की प्रत्येक लुकलुकीबरोबर पेट्रोलचा काटा खाली झुकतो आणि परत वर येतो. दुसऱ्या दिवशी त्याने गाडी एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या कारागिराने चावी फिरवली, काटा पाहिला आणि ‘मीटर ज गयुं छे’ असे सांगितले. साडेसहा हजार रुपये घेऊन नवा मीटर बसवला गेला. काटा स्थिर झाला, भाचा समाधानाने घरी आला, आणि दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांत नवा काटाही इंडिकेटरच्या तालावर हलू लागला.

तेव्हा तो गाडी घेऊन दांडिया बाजारात माझ्याकडे आला. ‘मामा, नवा मीटरही खराब निघाला,’ हे त्याचे पहिले वाक्य होते. वास्तविक त्याच वाक्यात जुन्या मीटरच्या निर्दोषपणाचा पुरावा होता. दोन वेगवेगळे मीटर एकाच तालावर एकच चूक करत असतील, तर ती चूक मीटरमध्ये असण्याची शक्यता फार थोडी उरते.

ते मोजमाप मी कसे केले ते थोडे तपशिलाने लिहितो, कारण हे काम कोणीही सावध माणूस करू शकतो आणि त्यासाठी लागणारा मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो. प्रथम बॅटरी. इंजिन बंद असताना तिच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्ट मिळाले, म्हणजे ती भरलेली होती. इंजिन चालू करून थोडा थ्रॉटल दिल्यावर १४.१ मिळाले, म्हणजे चार्जिंग ठीक होते. हा आकडा साधारणपणे साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान राहायला हवा. तो पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) बिघडला आहे असे समजावे आणि आधी तो बदलावा, कारण तसल्या व्होल्टेजवर नवा मीटरही फार दिवस टिकणार नाही. त्यानंतर हेडलाइटच्या मागचे आवरण उघडून मीटरचा कपलर (तारा जोडणारा प्लग) बाहेर काढला, पण तो सोडवला नाही. मल्टिमीटरचे काळे टोक बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवले आणि लाल टोक कपलरच्या मागच्या बाजूने, रबराच्या कडेतून, मीटरच्या अर्थच्या पिनवर टेकवले. इंजिन चालू होते, हेडलाइट लागलेला होता.

या दोन बिंदूंमध्ये काहीच व्होल्टेज दिसायला नको, कारण दोन्ही एकाच ऋण टोकाला जोडलेले आहेत असे आपण मानतो. ०.१ व्होल्टपर्यंतचा फरक मी दुर्लक्षित केला असता. प्रत्यक्षात ०.९ व्होल्ट आले. भाच्याला इंडिकेटर लावायला सांगितले, तेव्हा प्रत्येक लुकलुकीला आकडा १.४ वर उडी मारून परत ०.९ वर येऊ लागला, आणि काटा त्याच क्षणी त्याच तालावर झुकू लागला. मल्टिमीटरवरचा आकडा आणि मीटरवरचा काटा एकत्र हलताना पाहून भाचा काही वेळ काही बोललाच नाही.

यामागचे कारण सोपे आहे. बल्बात, भोंग्यात, मीटरमध्ये गेलेल्या विजेला बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतायला एक वाट लागते, तिला आपण अर्थ म्हणतो. गाडीच्या पुढच्या भागातल्या बहुतेक वस्तूंची परतीची वाट एकच असते: त्यांच्या अर्थच्या तारा एकत्र येऊन एका गोल लगमध्ये (धातूच्या कडीत) आवळलेल्या असतात आणि ती लग चासीवर एका बोल्टखाली घट्ट केलेली असते. ३५ वॅटचा हेडलाइट साधारण ३ अँपिअर घेतो. एका बाजूचे दोन इंडिकेटर १० वॅटचे धरले तर ते लागल्यावर आणखी पावणेदोन अँपिअर त्याच वाटेने परततात. त्या बोल्टखाली गंज बसून केवळ ०.३ ओहमचा अडथळा निर्माण झाला, तरी हेडलाइटमुळे ०.९ व्होल्ट आणि इंडिकेटरच्या वेळी सुमारे १.४ व्होल्ट तिथे अडून राहतात. हिशेब आणि मोजमाप तंतोतंत जुळले. मीटर ज्या बिंदूला शून्य समजून पेट्रोल मोजतो, तो शून्यच वर-खाली होत होता, तर टाकीतल्या पेट्रोल मोजणाऱ्या युनिटचा अर्थ मागच्या बाजूला वेगळ्या जागी असल्यामुळे तो स्थिर होता. बिचाऱ्या मीटरने या दोहोंतला फरक पेट्रोलचा फरक म्हणून दाखवला. दिवसा इंजिन बंद ठेवून, नुसती चावी फिरवून पाहिले असते तर हेडलाइटचा भार नसल्याने काट्याचे हलणे इतके ठळक दिसलेच नसते. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि बंद करता येत नाही, त्यामुळे असा कमकुवत सांधा आता दिवसरात्र भार सोसत असतो, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

टाकी उचलून पाहिल्यावर तो बोल्ट सापडला. वरून पाहता तो चांगला दिसत होता. १० नंबरच्या पान्याने सोडवल्यावर मात्र लगच्या खाली विश्वामित्रीचा पिवळट गाळ पापुद्र्यासारखा सुकून बसलेला होता आणि तांब्याच्या कडेला हिरवट क्षार आले होते. लग आणि चासीची जागा पॉलिशपेपरने धातू चमकेपर्यंत घासली, बोल्ट घट्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावले. परत मोजले तेव्हा हेडलाइट आणि इंडिकेटर दोन्ही चालू असताना ०.०४ व्होल्ट आले. काटा जागचा हलला नाही, आणि आजतागायत हललेला नाही. या कामाला पाऊण तास लागला. खर्च काहीच आला नाही.

मग नवा मीटर बसवल्यावर काही आठवडे सगळे ठीक कसे चालले, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल, आणि माझ्या मते चुकीच्या निदानाला बळ देणारी गोष्ट हीच आहे. मीटर बदलताना पुढचा भाग उघडावा लागतो, वायरिंगचा गठ्ठा ओढला जातो, कपलर काढून परत बसवले जातात. त्या ओढाताणीत बोल्टखालची लग किंचित फिरली, गंजाचा थर थोडा खरवडला गेला आणि संपर्क तात्पुरता सुधारला. दोष दिसेनासा झाला आणि श्रेय नव्या मीटरला मिळाले. कारागिरालाही मनापासून वाटले असेल की त्याचे निदान बरोबर होते. म्हणून मी म्हणतो की भाग बदलण्याआधी एक आकडा आणि बदलल्यानंतर एक आकडा लिहिलेला असावा. आकड्याविना ‘ठीक झाले’ या शब्दांना अर्थ नाही.

मल्टिमीटरबाबत एक सावधगिरीची गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण अर्धवट मोजमापाने फसलेले मेकॅनिकही मी पाहिले आहेत. हँडल वळते त्या जागी, म्हणजे चासीच्या मानेपाशी, वायरिंग हजारो वेळा दुमडले जाते. तिथे तारेचे वरचे आवरण शाबूत राहते आणि आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. शेवटचा एखादा धागा शिल्लक असताना कपलर सोडवून त्या तारेवर मल्टिमीटर लावला, तर तो खुशाल १२ व्होल्ट दाखवतो, कारण मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही आणि तेवढ्यासाठी एक धागा पुरतो. प्रत्यक्ष भार आला की तेच व्होल्टेज कोसळते. तेव्हा मोजमाप नेहमी कपलर जोडलेला असताना, सगळे दिवे चालू असताना, हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे वळवत करावे. जुन्या मिस्त्री लोकांकडे बल्बला दोन तारा जोडलेला टेस्ट लॅम्प असायचा. पुरवठ्याची तार तपासायला तो आजही उत्तम आहे, कारण तो भार टाकून तपासतो आणि मंद पेटून खरे सांगतो. फक्त सेन्सरच्या आणि ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाच्या) सिग्नलच्या तारांना तो लावू नये. त्या नाजूक सर्किटांना तेवढा प्रवाह सोसत नाही. आणि तारेच्या आवरणात सुई टोचून तपासण्याची सवय तर सोडूनच द्यावी. त्या एवढ्याशा छिद्रातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरते.

पुरवठ्याच्या बाजूलाही असेच पाहावे. बॅटरीचे धन टोक आणि मीटरची पुरवठ्याची पिन यांच्यामध्ये अर्धा व्होल्टपर्यंत घट मी चालवून घेईन, कारण वाटेत फ्यूज आणि चावीचा स्विच असतो. त्याहून जास्त असेल तर बहुधा चावीच्या स्विचमधले संपर्कबिंदू खराब झालेले असतात. सेल्फ दाबला की डिस्प्ले विझून परत पेटत असेल, घड्याळ आणि ट्रिपचा आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होत असेल, तर मीटरकडे न पाहता बॅटरीची टोके घट्ट आहेत का ते पाहावे आणि सेल्फ दाबलेला असताना बॅटरीचे व्होल्टेज दहाच्या खाली जाते का ते मोजावे. माझ्या ओळखीतल्या दोघांनी या एका लक्षणावरून मीटर बदलले आहेत, आणि दोघांच्याही गाड्यांत दोष बॅटरीच्या सैल बोल्टचा होता.

पेट्रोलच्या काट्याबद्दल आणखी थोडे लिहितो, कारण तो सर्वांत जास्त फसवतो. टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो. तो वर-खाली होताना एका प्रतिरोधावरून संपर्क सरकतो आणि त्या ओहमनुसार काटा ठरतो. कारखान्यात आम्ही जे सिग्नल वापरत असू ते ४ ते २० मिलिअँपिअरचे असत. शून्य दाखवायलासुद्धा ४ मिलिअँपिअर वाहत राहायचे, म्हणजे तार तुटली आणि प्रवाह खरोखर शून्य झाला तर ते लगेच ओळखू यायचे. मोटारसायकलच्या साध्या पेट्रोल काट्याला अशी सोय नसते. काटा तळाशी पडला तर टाकी रिकामी आहे, का तार तुटली आहे, हे काट्यावरून सांगता येत नाही. यासाठी चावी बंद करून टाकीचा कपलर सोडवावा आणि युनिटच्या दोन पिनांमधला प्रतिरोध मोजावा. टाकी भरलेली असताना आणि रिकामी असताना किती ओहम हवेत हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. काहींत भरलेल्या टाकीला ओहम कमी असतात, काहींत जास्त, म्हणून सर्व्हिस मॅन्युअलमधले आकडेच प्रमाण मानावेत. पण फ्लोट हलल्यावर आकडा सरळ बदलला पाहिजे, मध्येच गायब होता कामा नये, हे सर्वांना सारखेच लागू आहे. युनिट ठीक ठरल्यावर मीटरकडे जाणाऱ्या तारेवर ठरावीक ओहमचा रेझिस्टर जोडून काटा अपेक्षित जागी जातो का ते पाहावे. तो गेला तर मीटर निर्दोष आहे. जुन्या काट्याच्या मीटरवर काही मेकॅनिक ही तार सरळ अर्थला टेकवून पाहतात. डिजिटल मीटरवर तसे करू नये. आणि पेट्रोलची टाकी उघडी असताना जवळपास ठिणगी उडेल असे काहीही करू नये, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

वेगाच्या मीटरची गोष्ट निराळी आहे. ऑटो शुल्झे यांनी १९०२ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीत चाकाला जोडलेली केबल एक चुंबक फिरवायची आणि त्याच्या ओढीने धातूची वाटी काट्यासकट स्प्रिंगविरुद्ध वळायची. त्यात वीज बाहेरून द्यावीच लागत नसे, आणि दोष म्हणजे बहुधा तुटलेली केबल किंवा झिजलेला गिअर. ते डोळ्यांना दिसत असे. आता अनेक गाड्यांत चाकापाशी किंवा गिअरबॉक्सवर हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय बदल ओळखून चाकाचे फिरणे कळवणारा सेन्सर, असतो. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेला परिणाम आज आपल्या गाडीच्या चाकाशेजारी चिखल खात काम करतो आहे, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते. त्याला तीन तारा असतात: पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. चावी चालू करून, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक हाताने सावकाश फिरवले, तर सिग्नलच्या तारेवरचे व्होल्टेज शून्य आणि ठरावीक आकडा यांच्यात आळीपाळीने बदलताना दिसले पाहिजे. ते मीटरच्या कपलरपर्यंत पोहोचत असेल आणि तरीही वेग शून्य दिसत असेल, तेव्हाच मीटर संशयित ठरतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत वेगाची माहिती एबीएसच्या सेन्सरवरूनच घेतली जाते, म्हणून वेग शून्य आणि एबीएसचा दिवा पेटलेला अशी दोन लक्षणे एकत्र आली तर चाकापासच्या सेन्सरवरचा गाळ, चाकावरच्या दातेरी कडीपासून त्याचे अंतर आणि त्याची तार आधी पाहावी. तो दिवा त्रास देतो म्हणून त्यावर चिकटपट्टी लावलेली गाडी मी रावपुऱ्यात पाहिली आहे. ब्रेकशी संबंधित इशारा असा झाकणे जिवावर बेतू शकते.

न्यूट्रलचा दिवा तपासणे सर्वांत सोपे. गिअरबॉक्सवरच्या स्विचची तार काढून इंजिनच्या उघड्या धातूला टेकवावी. दिवा लागला तर दिवा, तार, मीटर सगळे ठीक आहे आणि दोष स्विचमध्ये आहे. इंडिकेटरला एलईडी बल्ब बसवल्यावर चारही दिवे एकदम लुकलुकू लागले, अशी तक्रार घेऊन तरुण मुले येतात. जुन्या पद्धतीच्या मीटरमध्ये डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मिळून एकच सूचक दिवा असतो, आणि त्यातून पलीकडे जाणारा किरकोळ प्रवाह साध्या बल्बला पेटवू शकत नसला तरी एलईडीला पेटवतो. हाही मीटरचा दोष नव्हे. दोन डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लावून तो सुटतो.

पुरात बुडालेल्या गाड्यांबाबत एक गोष्ट मात्र वर्कशॉपनीच नव्हे, तर मालकांनीही समजून घ्यायला हवी. चावी बंद असली तरी बॅटरीपासून चावीच्या स्विचपर्यंत, घड्याळापर्यंत आणि ईसीयूपर्यंत जाणाऱ्या काही तारांत १२ व्होल्ट सतत असतात. असा कपलर गढूळ, क्षारयुक्त पाण्यात बुडाला की धन पिनेतून शेजारच्या पिनेकडे पाण्यातून प्रवाह वाहू लागतो आणि धन पिनेचा धातू विरघळत जातो. मुलामा चढवण्याच्या कारखान्यात जे मुद्दाम करतात, तेच इथे नकळत घडते. पिन आतून बारीक होते, पण गाडी चालू राहते. मग दोन-चार महिन्यांनी एखाद्या खड्ड्यातल्या धक्क्याने ती तुटते. म्हणून पाणी चढणार असे दिसताच बॅटरीची तार, आधी ऋण बाजूची, सोडवून ठेवणे हा दोन मिनिटांचा उपाय हजारो रुपये वाचवतो. पाणी ओसरल्यावर चावी फिरवण्याची घाई करू नये. कपलर उघडून आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवावा, मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा, पूर्ण सुकू द्यावे आणि मगच जोडणी करावी. पावसाळा नसतानाही, वॉशिंगच्या दुकानात दाबाच्या पाण्याची नळी सरळ मीटरवर आणि हेडलाइटच्या मागे धरू देऊ नये. काचेच्या आतून दव धरलेले जे मीटर दिसतात, त्यांतले कितीतरी याच धुण्याचे बळी असतात.

मी हे सगळे लिहितो आहे ते मेकॅनिक मंडळींना कमी लेखण्यासाठी नाही. त्यांना दिवसाला ठरावीक गाड्या उरकाव्या लागतात, आणि पाऊण तास तार शोधण्याचा मोबदला कोणी देत नाही. भाग विकला की मात्र बिल होते. वायरिंगचे नकाशे कंपन्यांच्या अधिकृत केंद्रांपलीकडे सहज मिळत नाहीत, आणि तारांचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. एकीकडे हिरवी तार अर्थची, तर दुसरीकडे काळी. अशा वेळी अंदाजाने भाग बदलण्याचा मोह होणारच. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापून कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड दिली, ते हे शहर आहे. इथल्या दुचाकी कारागिराला भाराखालची व्होल्टेज घट मोजायला शिकवणे अवघड नाही. दोन रविवार पुरतात. आयटीआय आणि वितरक यांनी मिळून असे वर्ग भरवले तर मी आणि माझ्यासारखे दोन-तीन निवृत्त सहकारी विनामूल्य शिकवायला तयार आहोत.

वर्कशॉपकडून माझ्या अपेक्षा मोजक्या आहेत. मीटर बदलण्याची शिफारस करताना जॉब कार्डवर बॅटरीचे, मीटरच्या पुरवठ्याचे आणि अर्थवरच्या घटीचे असे तीन आकडे लिहावेत. काढलेला जुना मीटर ग्राहकाला परत द्यावा. आणि जुन्या मीटरवर किती किलोमीटर झाले होते तो आकडा बिलावर नोंदवावा, कारण नवा मीटर शून्यापासून मोजू लागतो आणि पुढे गाडी विकताना मालकाच्या प्रामाणिकपणावर विनाकारण शंका येते. भाच्याच्या बिलावर असा आकडा नाही. त्याच्या गाडीने ३१ हजार किलोमीटर ओलांडलेले होते, आणि आज तिचा मीटर हजाराच्याही आत आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात मोटारवाहनांचाही समावेश आहे. दुचाकी कंपन्यांनी तिथे निदान मीटरच्या कपलरचा नकाशा, प्रत्येक पिनचे अपेक्षित व्होल्टेज आणि टाकीच्या युनिटचे ओहम एवढे एक पान मराठी, गुजराती आणि हिंदीत द्यावे, अशी माझी जाहीर विनंती आहे.

भाच्याने जुना मीटर मागणारा लेखी अर्ज त्या वर्कशॉपमध्ये दिला आहे. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही. मीटर हाती आला तर त्याला टेबलावर १२ व्होल्ट आणि ठरावीक ओहम देऊन तपासण्याचा माझा विचार आहे, आणि जे आकडे मिळतील ते, माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध गेले तरीही, मी आपल्याला कळवीन.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन
दांडिया बाजार, बडोदे